आक्काची सहा महिन्यांची सुई

माझ्या थोरल्या जावेची उंची कमी होत चालली होती, ते सगळ्यात आधी तिच्या लुगड्यानं दाखवलं. आयुष्यभर घोट्याच्या वर नेसलेलं लुगडं हळूहळू जमिनीला लोळायला लागलं. मी म्हणायची, "आक्का, वर खोचा, पायात येऊन तोंडावर पडाल." ती म्हणायची, "धुऊन धुऊन लांब झालं असंल." धुऊन कापड आटतं, वाढत नाही, एवढं मला कळत होतं. माणूसही आटतं, हे माहीत नव्हतं.

आम्ही दोघी एकाच घरात दिलेल्या. घर मूळचं बिडकीनच्या बाजूचं, मेंढरं राखणारं. पुढं मेंढरं गेली, थोडी शेती राहिली, मग तीही कारखान्यांसाठी गेली आणि आम्ही शहरात आलो. दोघींचे नवरे आता नाहीत. मला मूल नाही, म्हणून मी तिच्या मुलाकडं, म्हणजे माझ्या पुतण्याकडं राहते. तो कंपनीत जातो, सून घरी शिवणकाम करते. आक्का माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. तोंडावर मी तिला अहो-जाहो करते. लिहिताना तसं लिहीत बसले तर फार लांबण लागेल, म्हणून इथं ती.

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायचं असतं. अशाच एका पाण्याच्या दिवशी तिनं भरलेला हंडा उचलला आणि तिच्या पाठीत कट्कन वाजलं. ते मी ऐकलं. तिनं हंडा न सांडता खाली ठेवला, मग भिंतीला धरून खाली बसली आणि तिला उठता येईना.

आधी तेल चोळलं, विटेनं शेकलं, बाम झाला. शेवटी पुतण्यानं औरंगपुऱ्याकडच्या एका दवाखान्यात नेलं. फोटो काढला. मग हाडं मोजायच्या मशीनखाली झोपवलं. डॉक्टर बाई होत्या, वयानं आमच्या सुनेएवढ्या. त्यांनी फोटो उजेडावर धरून दाखवला. पाठीचे मणके एकावर एक ठेवलेल्या डब्यांसारखे दिसत होते, आणि त्यातला एक डबा पुढून चेपलेला होता.

"आजी, हाडं ठिसूळ झालीत," त्या म्हणाल्या. "हा मणका दबलाय. आणि असं एकदा झालं की पुन्हा व्हायची भीती असते."

"हंडा जड हुता," आक्का म्हणाली.

"हंडा नेहमीचाच होता. हाडात जोर राहिलेला नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. हाड म्हणजे दगड नव्हे. त्याच्यात रोज काम चालू असतं. एक टोळी जुनं हाड पाडत जाते, दुसरी टोळी मागून नवं बांधत येते. तरुणपणी दोन्ही टोळ्या बरोबरीनं चालतात. बाईची पाळी गेली की पाडणारे मोकाट सुटतात आणि बांधणारे मागं पडतात. बाहेरून घर तसंच दिसतं, आतून पोखरत जातं.

मी शहरात आल्यावर बरीच वर्षं गवंड्याच्या हाताखाली घमेली वाहिली आहेत. पाडणारे पुढं आणि बांधणारे आलेच नाहीत, अशा जागा मी पाहिल्या आहेत. मी म्हणाले, "मग पाडणाऱ्यांना सुट्टी द्या की."

"तेच करायचंय," डॉक्टरबाई हसल्या. "बांधणाऱ्यांना जोर देणारं औषधही आहे. पण त्याची सुई रोज पोटात टोचावी लागते, घरच्या घरी."

"रोज?" आक्का म्हणाली. "मी काय शिवायचं कापड हाय व्हय?"

डॉक्टरबाईंनी तिला सरळ विचारलं, "आजी, तुम्हाला काय हवंय? दुखणं कमी व्हावं, का आणखी काही?"

आक्कानं फोटोतल्या चेपलेल्या मणक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मला नहाणीत माझी मला जाता यावं. मरस्तोवर. बाकी काय नगं."

तिनं हे का सांगितलं ते मला कळलं, डॉक्टरबाईंना कळलं नसेल. आमच्या सासूचा खुब्याचा सांधा मोडला होता. तेव्हा गावात ऑपरेशन कोण करतंय? त्या बाजेवर पडल्या त्या पडल्याच. त्यांचं सगळं आक्कानं केलं. मी तेव्हा नवी होते, पाणी आणून द्यायची. सासू स्वभावानं कडक बाई, सगळ्या घराला दरडावणारी. पण आक्का तिला धुवायला घ्यायची तेव्हा ती डोळे गच्च मिटून घ्यायची आणि संपेस्तोवर उघडायची नाही. ते मिटलेले डोळे आक्कानं पाहिले होते.

डॉक्टरबाईंनी आधी गोळी दिली. आठवड्यातून एकच. ती हाडाला चिकटून बसते. पाडणाऱ्यानं हाड खरवडलं की ती त्याच्या पोटात जाते आणि तो मरतो. मला हे ऐकून बरं वाटलं. पण त्या गोळीची शिस्त मोठी. सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी घ्यायची, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास ताठ बसायचं नाहीतर चालायचं. आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी, काहीही त्यानंतर. दुधाबरोबर घेतली तर ती दुधालाच धरून बसते आणि तशीच बाहेर जाते. पाणी कमी पडलं किंवा माणूस वाकलं तर ती घशाखालच्या नळीत रेंगाळते आणि तिथं भाजते.

आक्कानं सोमवार धरला. सोमवारी तिचा उपास असतो, म्हणजे उपाशीपोटाची सोय झाली असा तिचा हिशेब. सकाळी मी दूध आणायला बाहेर असायची, सून डब्याच्या घाईत. आणि आक्का देवापुढं बसली की तिच्या आसपास कोणी फिरकायचं नाही, ही या घरातली जुनी रीत. त्यामुळं ती गोळी कशी घेते हे कोणी पाहिलंच नाही.

दोन-तीन महिन्यांत तिच्या छातीत जळजळ सुरू झाली. ती म्हणाली उपासाचं पित्त. सुनेनं साबुदाणा बंद केला, भगर सुरू केली. जळजळ वाढतच गेली. मग एका सोमवारी घास छातीत अडकला आणि ती घामाघूम झाली. पुतण्या घाबरला, त्याला वाटलं हृदयाचं आहे. छातीला तारा लावून पट्टी काढली, ती चांगली निघाली. तिथून परत आमच्या डॉक्टरबाईंकडं.

त्यांनी पहिल्यापासून विचारलं. "गोळी किती पाण्याबरोबर घेता?"

"एक पळीभर."

"पळी?"

"देवाची पळी असती ना, पूजेतली."

"मी पेलाभर सांगितलं होतं, आजी."

"देवाला पाणी घालायच्या आधी आपण पेलाभर पाणी ढोसायचं व्हय?" आक्का म्हणाली. "पूजा झाल्याबिगर मी पाणी पेत नाय. गोळीपुरतं पळीभर घेत्ये, ती बी देवाला सांगून."

"आणि नंतर अर्धा तास बसता ना?"

"बसत्ये की. पूजेलाच बसत्ये. मग डोकं टेकिते."

"कुठं?"

"फरशीवर. आणखी कुठं?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. पळीभर पाण्यावर गिळलेली गोळी, वर कपाळ जमिनीला लागेस्तोवर वाकणं. नळी भाजणार नाही तर काय होईल? मी म्हणाले, "आक्का, मग दुसरा वार का नाही धरला?"

"आठवड्याला एकदा म्हणल्यावर सोमवारच ना. बाकीचे वार कोण ध्यानात ठेवतंय?"

ती खोटं बोलत नव्हती. आठवड्यातून एकदाच करायची गोष्ट तिच्या डोक्यात देवाच्याच खणात जाऊन बसते. मी तिला हसले नाही. तिची नळी खरंच सुजली होती, आणि कितीतरी दिवस ती फक्त ताक-भात खात होती.

गोळी बंद झाली. मग सुई आली, सहा महिन्यांतून एक, दंडाच्या कातडीखाली. त्याच्या आधी बऱ्याच गोष्टी. रक्त तपासलं, कॅल्शियम किती आहे बघायला. मूत्रपिंड तपासलं. दातांच्या डॉक्टरकडं पाठवलं, कारण ही सुई चालू असताना दात उपटला तर क्वचित कुणाच्या जबड्याची जखम भरत नाही, हाड उघडं राहतं. आक्काच्या दोन दाढा हलत होत्या, त्या आधीच काढून टाकल्या आणि जखम भरेपर्यंत थांबलो. मांडीत किंवा जांघेत दुखायला लागलं तरी कळवा म्हणाल्या. काहीही लपवून ठेवलं नाही त्या बाईनं.

मी विचारलं, "ही बी पाडणाऱ्यांना मारती का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पाडणाऱ्यांना कामाचं बोलावणं जातं. ही सुई ते बोलावणंच मधल्या मधे अडवते. म्हणून ते येत नाहीत."

"म्हंजे मजुरांच्या अड्ड्यावरच बसून राहत्यात."

"हो. पण आजी, एक लक्षात ठेवा. गोळी हाडात मुरते, बंद केली तरी बरेच दिवस काम करत राहते. सुईचं तसं नाही. सहा महिने झाले की ती उतरते, आणि साठलेलं बोलावणं सगळं एकदम पोचतं. मग ते सगळे एकाच दिवशी कुदळी घेऊन येतात. आधी होतं त्यापेक्षा वाईट. तेव्हा तारीख चुकवायची नाही. आणि बंद करायचं झालं तर मला विचारून. त्या जागी दुसरं औषध द्यावं लागतं."

पुतण्यानं तारीख मोबाइलमध्ये टाकली. मी डोक्यात ठेवली.

पहिल्या सुईनंतर दहाएक दिवसांनी आक्काच्या ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या, बोटांची टोकं बधिर. सुई हाडातलं कॅल्शियम बाहेर येऊ देत नाही, त्यामुळं रक्तात कमी पडतं. म्हणून रोजच्या गोळ्या दिल्या होत्या. विचारल्यावर कळलं, गोळ्यांनी पोट साफ होत नाही म्हणून ती त्या घेतच नव्हती. "पानाला चुना लावत्ये की मी," ती म्हणाली. "चुना म्हंजे तरी काय? तेच हाय." अख्ख्या गल्लीचं असंच मत आहे, तिचं एकटीचं नाही. त्या दिवसापासून मी तिला गोळी जेवणाबरोबर द्यायची आणि गिळेस्तोवर समोर उभी राहायची. ती म्हणायची, "पोलीस झालीस का गं?" मी म्हणायची, "व्हय, तोंड उघडा." पोटासाठी रात्री भिजवलेल्या मनुका. दोन्ही जमलं.

मग दोन वर्षं चांगली गेली. पाठ दुखायची थांबली. ती पोळ्या लाटायची, भाजी निवडायची, संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायची. एकदा आम्ही वेरूळला गेलो, तेव्हा घृष्णेश्वराला रांगेत माझ्यापेक्षा ती जास्त वेळ उभी राहिली. मी पायरीवर बसले तर वर मलाच म्हणाली, "धाकटे, म्हातारी झालीस."

गेल्या वर्षी सण लवकर आले. आधीच्या वर्षी भाद्रपदातली सुई गणपतीच्या दिवसांत पडली होती, तेव्हा काही अडलं नाही. या वेळी तीच तारीख बरोबर पितृपंधरवड्यात आली.

"पितरांच्या दिसांत अंगाला सुई लावून घ्यायची नाय," आक्का म्हणाली.

"कामून?"

"नाय म्हंजे नाय. रगत काढत नसत्यात ह्या दिसांत."

"रगत कोण काढायलंय? औषध घालायलेत."

"तुला काय कळतंय?"

"पितरांना तुमच्या हाडांचं काय पडलंय? त्यांची स्वतःची तरी कुठं राहिलीत?"

सून तोंडात पदर धरून हसली. आक्का हसली नाही. पुतण्या म्हणाला, "काकू, जाऊ दे ना. पंधरा दिवसांनी काय होतंय? गाडीची सर्व्हिसिंग मी महिना-महिना पुढं ढकलतो, गाडी चालतेच की."

"गाडी बंद पडली तर तू ढकलत नेशील," मी म्हणाले. "हिला कोण ढकलणार?"

"तू लई टोचून बोलतीस, काकू."

दवाखान्यातून फोन आला होता. त्यानं सांगितलं, येतो पुढच्या आठवड्यात.

पंधरवडा संपला आणि दुसऱ्या दिवशी घट बसले. आक्का नऊ दिवस घटापाशी असते. उंबरा ओलांडत नाही, रोज माळ स्वतः चढवते. तिथं मी बोललेच नाही, बोलून उपयोग नव्हता. दसरा झाला, आता जाऊ म्हणाले, तर बिडकीनहून तिच्या बहिणीचा फोन. कुणी तरी तिला सांगितलं होतं की या सुईनं जबडा सडतो, दात गळून पडतात, माणसाला गिळता येत नाही. बहीण फोनवर रडत होती. आक्कानं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "मला नगं ती सुई. दोन साल झालं, बरी हाये मी. बरी झाल्यावर कोण औषध घेतंय?"

मी तिच्या शेजारी बसले. "आक्का, जबड्याचं डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं हुतं. लई क्वचित होतं म्हणाल्या. म्हणूनच दाढा आधी काढल्या ना?"

"झालं तर?"

"झालं तर झालं. पातळ खायाला घालीन. पर मणका बसला तर नहाणीत तुमी कशा जाणार?"

तिनं नहाणीच्या दाराकडं बघितलं. मला वाटलं जमलं. पण तेवढ्यात सुनेनं दिवाळीचं काढलं, आक्काच्या लेकी यायच्या होत्या, फराळाला हात हवे होते. आक्का तडक उठली आणि म्हणाली, "दिवाळी होऊ दे, मग बगू." आणि करंज्या करायला बसली. तिच्या करंज्या खरंच चांगल्या होतात.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या पहाटे तिनं कूस बदलली आणि ओरडली. हंडा नाही, पडणं नाही, काही नाही. नुसती कूस. मी शेजारच्याच खाटेवर होते. दिवा लावला तर तिचे दोन्ही हात खाटेच्या कडेला घट्ट धरलेले आणि तोंड उघडं. दम घेता येत नव्हता, कारण दम घेतला तरी दुखत होतं.

पुतण्यानं रिक्षा आणली. तो आणि सून मागं तिला दोन्हीकडून धरून बसले, मी पुढं रिक्षावाल्याशेजारी. प्रत्येक खड्ड्याला आक्का कण्हायची आणि मी त्या पोराला शिव्या घालायची. शेवटी तो म्हणाला, "अम्मा, रिक्षा मेरी है, रोड मेरा नहीं." पण त्यानं मग वेग इतका कमी केला की सायकलवाले आमच्या पुढं गेले. पैसे घेताना त्यानं आक्काकडं बघून कपाळाला हात लावून सलाम केला.

फोटोत आणखी दोन मणके चेपलेले निघाले. डॉक्टरबाईंनी आधी तारीख बघितली, मग पुतण्याकडं बघितलं. "आम्ही फोन केला होता."

"हो मॅडम. सणामुळं राहिलं. मला वाटलं, थोडं इकडंतिकडं झालं तर..."

"थोडं इकडंतिकडं झालं, आणि ते सगळे एकदम आले," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. पुतण्या आईचं पांघरूण सारखं करत राहिला. त्याची आई त्याच्या समोर कण्हत होती, त्यापुढं मी आणखी काय बोलायचं? नाहीतर मी बोलले असते.

मग त्या आक्काच्या खाटेपाशी आल्या. त्यांना वाटलं असेल ती रडेल. ती म्हणाली, "बाई, मला नहाणीत जाता येईल का नाय तेवढं सांगा."

"येईल," त्या म्हणाल्या. "आत्ता नाही. पण खुबा शाबूत आहे, मज्जातंतू शाबूत आहेत. दुखणं उतरू द्या, पट्टा बांधा, मग चालवायचं. आणि सुई आजच घ्यायची."

"जबडा?"

त्यांनी तिला तोंड उघडायला लावलं, बॅटरीनं सगळं आत बघितलं. "जबडा छान आहे. मी दर वेळी बघीन. मला न विचारता दात काढायचा नाही. पण आजी, जबड्याचं ज्यांना होतं ते फार थोडे. सुई मधेच सोडल्यावर मणके बसलेले मी पुष्कळ बघितलेत."

"समजा, आम्हाला कधी बंदच करायची झाली," मी विचारलं, "तर?"

"तर मला सांगून. सलाइनमधून वर्षाचं एक औषध देता येतं, गोळीच्या जातीचं, हाडात मुरणारं. ते गेलं की एक-दोन दिवस ताप येतो, अंग ठणकतं, पण मग पाडणारे परत उठत नाहीत. सुई नुसती सोडून द्यायची नाही."

रक्ताचा निकाल आला आणि त्यांनी सुई दिली. आक्कानं दंड पुढं केला आणि दुसरीकडं बघितलं.

घरी आणल्यावरचे दिवस वाईट होते. पट्टा बांधूनही तिला बसवत नव्हतं. खाटेवरच भांडं द्यावं लागायचं. सुनेला तिनं जवळ येऊ दिलं नाही, मुलाचा प्रश्नच नव्हता. मग मीच. पहिल्या दिवशी मी भांडं घेऊन गेले तेव्हा तिनं डोळे मिटले. गच्च, सासू मिटायची तसे. मला ते बघवलं नाही, पण हात थांबवून चालत नव्हतं. काम उरकलं, पांघरूण घातलं आणि बाहेर आले.

दोन-तीन दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की तिच्या उशाचा तांब्या भरलेलाच राहतो. ती पाणीच पीत नव्हती, म्हणजे भांडं लागायला नको. ओठ सुकलेले, पोट घट्ट.

"पाणी कामून पीत नाय?"

"तहान नाय."

"तहान नाय का लाज हाय?"

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. "धाकटे, तुला घाण वाटत असंल."

"वाटती की," मी म्हणाले. "न वाटायला मी काय दगडाची हाये? मेंढरांच्या लेंड्या काढल्या, तुमचं काढत्ये. हात धुतला की झालं. तुमी सासूबाईंचं केलं तवा तुमाला अत्तराचा वास येत हुता का?"

तिच्या तोंडातून हसू फुटलं आणि त्याबरोबर पाठीत कळ आली, आणि हसता हसता ती "आई गं" म्हणाली. "हसवू नगंस, मरशील," ती म्हणाली. "मला मारशील," असं तिला म्हणायचं असावं. मी तांब्या तिच्या तोंडाला लावला. पाणी प्यायली. मग डोळे उघडे ठेवून म्हणाली, "सासूबाईंनी मला कदी तोंडानं काय म्हणलं नाय. चांगलं बी नाय, वंगाळ बी नाय. मला लई राग यायचा तवा. आता कळतंय, काय म्हणायचं तेच सुचत नसंल."

"तुमी बी काय म्हणू नका. पाणी प्या."

त्या दिवसानंतर डोळे मिटायचं तिनं सोडलं. माझ्याकडं बघायची नाही, छताकडं बघायची, पण उघडे ठेवायची. कधी कधी मधेच काहीतरी विचारायची, डाळ भिजवली का, नळाला पाणी कधी येणार. मी उत्तर द्यायची. असं बोलत बोलत ते काम होऊन जायचं.

पुतण्यानं तेवढ्यात एक काम मनापासून केलं. गवंडी बोलावून नहाणीत भिंतीला दोन लोखंडी दांडे बसवून घेतले, निसरडी फरशी काढून खरखरीत टाकली. मी त्या गवंड्याच्या डोक्यावर उभी राहून दांड्याची उंची आक्काच्या नव्या उंचीप्रमाणं करून घेतली. तो म्हणाला, "आजी, इतक्या खाली?" मी म्हणाले, "वापरणारी तेवढीच राहिलीय."

दुखणं हळूहळू उतरलं. आधी खाटेच्या कडेला बसणं, मग वॉकर धरून उभं राहणं, मग खोलीच्या दारापर्यंत. ती पावलं टाकायची तशी शिव्या द्यायची, सुईला, मणक्याला, बिडकीनच्या बहिणीला. बहीण येऊन गेली. तिनं पुन्हा जबड्याचा विषय काढला तेव्हा आक्का तिला म्हणाली, "माजा जबडा जाग्यावर हाय. तुजाच जरा आवर." मग नहाणीपर्यंत जायला लागली, पण मी आत बरोबर असायची.

संक्रांत होऊन गेली होती. सकाळी मी चहा ठेवत होते. वॉकरचा खडखड आवाज आला, बघितलं तर ती एकटीच नहाणीच्या दारात पोचलेली. मी गॅस बारीक करून धावले, तोवर दार लागलं, आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

"आक्का! कडी काढा!"

"नाय काढत."

"पडलात तर दार कोण फोडणार?"

"पडत नाय. दांडा धरलाय."

"नुसतं दार लोटून ठेवा, मी बघत नाय."

"तू बघत नाय, पर तू हायस ना तिथं," ती आतून म्हणाली. "मला एकटं बसू दे गं जरा. किती महिन्यांनी कडी लावली मी."

मी दारावर उगारलेला हात खाली घेतला. आतून बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज आला, मग पाणी पडल्याचा.

"धाकटे."

"काय?"

"पुढली सुई वैशाखात येतीया ना?"

"व्हय."

"त्यानंतर धोंड्याचा महिना लागतोय. पोराला सांग, धोंड्याच्या नादात ऱ्हायला नगं. तारखेलाच न्यायचं मला म्हणावं, जावई जेवायला बसल्याले असले तरी."

"सांगते."

"आता जा तू. चहा ऊतू जाईल."

"बरं."

"गेलीस का?"

"गेले," मी म्हणाले, आणि दाराला टेकून तिथंच उभी राहिले.